गोळीचा आवाज आणि झाडूवाल्याची साक्ष
(शिरूर-दौंडच्या तरुणांपुढे केलेलं भाषण)



मनूनं साक्षीलाही जात लावली. अंत्यजानं अंत्यजाची साक्ष द्यावी, म्हणाला. आता ऐका.

20 ऑगस्ट 2013 ची सकाळ. पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या. मारेकऱ्यांना कोर्टात ओळखणाऱ्यांत कोण होता? महापालिकेचा झाडूवाला! 2022 साली तो पिंजऱ्यात उभा राहिला आणि बोलला.

इतक्या वर्षांनी चेहरा ओळखला कसा, असा सवाल झाला. सवाल चुकीचा नाही. पण उशीर केला कुणी? झाडूवाल्यानं? 2016 साली सीबीआयनं गोळ्या झाडणारे म्हणून वेगळेच दोघं दाखवले होते. 2018 साली दुसरे धरले. अखेर 10 मे 2024 ला साक्ष मानली गेली. दोघांना जन्मठेप झाली, तिघं सुटले. डोकं चालवणारा मोकळाच!

आता कानाचं बघू. आवाजापेक्षा वेगानं गोळी सुटली की दोन आवाज होतात : एक नळीचा, एक हवा फाटल्याचा. भिंतीवर आपटून घुमला तर आणखी एक. एका बाराचे दोन, दोनाचे तीन होतात ते असे. 1963 साली डल्लासमध्ये केनेडींना मारलं. बहुतेकांनी तीन बार ऐकले. पण ते आले कुठून, यावर माणसं फुटली. म्हंजे कान साहेबाचाही चुकतो. मग शंका एकट्या झाडूवाल्यावर का?

पण मित्रांनो, आपला म्हणून साक्षीदार खरा, असंही नाही. पारख सगळ्यांची करा, आपलीही करा.

कोरेगाव भीमा आपल्याच शिरूर तालुक्यातलं. 1 जानेवारी 2018 नंतर आयोगापुढे साक्षी झाल्या. उद्या तुमच्यावरही ती पाळी येईल. तवा ध्यानात ठेवा : ऐकलं ते वेगळं, पाहिलं ते वेगळं, गर्दीनं सांगितलं ते वेगळं. बार मोजले नसतील तर "मोजले नाहीत" म्हणा. त्याच रात्री लिहून काढा. वेळ टाका, कुठं उभे होता ते टाका. एक फुगवलेला आकडा वकिलाच्या हाती लागला की दहा खऱ्या गोष्टी मातीत जातात.

बाबासाहेबांच्या घटनेनं आपल्याला समान जागा दिली, साक्षीच्या पिंजऱ्यातही. तिथं भिऊ नका. आणि तिथं खोटंही बोलू नका!