उंबरठ्याशी धरलेली पाटी

२२ मार्च २०२० रोजी जनता-संचारबंदी पाळली गेली आणि २५ मार्चपासून सारा देश घरात बसला. सिकंदराबादेतील आमच्या दोन खोल्यांत आम्ही चार माणसे होतो : माझी चौऱ्याहत्तर वर्षांची आई, पत्नी, कन्या आणि मी. पहिले चार दिवस सुट्टीसारखे गेले. पुढे मात्र वेळ जाईना, करोनाची भीती हटेना आणि एकमेकांचा सहवासही जड वाटू लागला. शिक्षकाला दिवसभर बोलण्याची सवय. घरात आपले ऐकणारे कोणी नाही, हे माझे दुःख होते. आपणही कोणाचे तरी ऐकावे, हे काही सुचले नव्हते.

१२ एप्रिलला ईस्टरचा सण आला. चर्च बंद असल्यामुळे आईची मिस्सा चुकली. ती कष्टी असेल म्हणून मी समजूत घालावयास गेलो, तो तीच म्हणाली, "अरे, दाराआड राहण्याची मला सवय आहे."

आईच्या गालावरील देवीचे व्रण मी जन्मापासून पाहत आलो होतो. त्यांची हकिगत मात्र कधी विचारली नव्हती. त्या संध्याकाळी ती विचारली.

साल १९५४. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. खेड्यातील आमच्या घरी आठ वर्षांच्या आईला देवी आल्या. कडुलिंबाचा पाला पसरून तिला मागच्या खोलीत निराळे ठेवण्यात आले. तिच्या थोरल्या भावाला लस टोचलेली होती. तो रोज उंबरठ्याबाहेर बसे आणि पाटीवर अक्षर काढून ती उंच धरी. आई ते अक्षर बोटाने हवेत गिरवी. ती बरी होऊन बाहेर आली, तेव्हा तिला जोडाक्षरे वाचता येत होती. घरातील मुलींपैकी वाचावयास शिकली ती तेवढी एकटीच.

यासाठी रोगाचे उपकार मानण्याचे कारण नाही. देवीने असंख्य माणसे नेली. ती जगातून गेल्याचे १९८० साली जाहीर झाले, ते लसीमुळे. उपकार मानावयाचे ते पाटी धरणाऱ्या हाताचे.

आमच्या घरापासून बेगमपेठ दूर नाही. तेथे २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे परजीवी सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. डास तर सर्वांनीच पाहिले होते. निरखण्याचा धीर रॉस यांनी धरला. नित्य डोळ्यांसमोर असते ते पाहावयासही धीर लागतो, हे मी वर्गात सांगत असे. घरात मात्र ते मला चाळिशी उलटल्यावर कळले.

घरात बसावयास मिळणे हेही भाग्यच होते. १ मे २०२० रोजी आमच्याच शहराजवळच्या लिंगमपल्लीहून झारखंडातील हटियाकडे मजुरांची पहिली खास गाडी सुटली. ती बातमी वाचून माझी कुरकुर मलाच लाजिरवाणी वाटली. १ सप्टेंबरपासून तेलंगणात दूरदर्शनच्या यादगिरी वाहिनीवरून धडे सुरू झाले. त्याआधीचे काही महिने मात्र पुष्कळ मुलांना शाळाच नव्हती. माझ्या वर्गातील एका मुलाच्या घरी केवळ साधा फोन होता. त्याला मी रोज संध्याकाळी पाव तास धडा वाचून दाखवू लागलो. दोन खोल्यांची ती जागा मग तितकीशी अपुरी वाटेना. कन्या आजीजवळ बसून तिची हकिगत वहीत उतरवून घेऊ लागली आणि आई तिच्या शुद्धलेखनाच्या चुका काढू लागली!

श्रोतेहो, घरातील समाधान हे नुसते दार लावून घेतल्याने मिळत नाही. दाराच्या अलीकडे किंवा पलीकडे कोणासाठी तरी पाटी धरावी लागते. आपल्या घरीही न विचारलेली एखादी हकिगत असेल. ती विचारण्यासाठी पुढच्या साथीची वाट पाहू नये, एवढीच माझी विनंती.