परिचारिकेचे शिक्षण आणि देखरेखीचे तास
(भोर-वेल्ह्यातील कार्यकर्त्यांसमोरील भाषणाचा मजकूर)



१९४६ साली सर जोसेफ भोर यांच्या समितीने देशाच्या आरोग्यव्यवस्थेविषयीचा अहवाल सादर केला. त्या भोरांचे आणि या भोर गावाचे नाव सारखे आहे. परंतु त्या अहवालातील एक आकडा येथे आठवावा असा आहे. त्या वेळी नोंदणीकृत परिचारिका सुमारे ७,००० होत्या, म्हणजे ४३,००० माणसांमागे एक. आज हीच संख्या लाखांत मोजावी लागते. तरीही तुटवडा संपलेला नाही. त्याचे रूप तेवढे पालटले आहे. आज प्रमाणपत्रे मिळतात. अनुभवी सिस्टरच्या नजरेखाली रुग्णाजवळ घालवलेले तास मात्र दुर्मीळ झाले आहेत.

या तासांचे मोल कशात आहे? बाळ रडले, वार पडली, घरची माणसे निर्धास्त झाली, आणि बाईचा रक्तस्राव थांबत नाही. पोटावर हात ठेवताच गर्भाशय आवळले आहे की सैल पडले आहे हे बोटांना कळणे, ऑक्सिटोसिन देणे, सलाइन लावणे, रुग्णवाहिका बोलावणे, हे सारे काही मिनिटांत व्हावे लागते. पुस्तकात त्याचा क्रम दिलेला असतो. हाताला तो क्रम शेजारी जाणते माणूस उभे असतानाच येतो. पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात चुकलेला हात सावरायला दुसरे दहा हात असतात. अठरागाव मावळात किंवा भाटघर जलाशयापलीकडच्या वाडीत ऐन आषाढात आरोग्यसेविका एकटीच असते. (वेल्हे तालुक्याला आता राजगड हे नाव लाभले आहे, घाट मात्र तेवढाच उंच राहिला.) शिकताना तिच्या वाट्याला जे आले नाही, त्याची किंमत ती बाळंतीण मोजते.

आता थोडे गणित मांडू. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांप्रमाणे एका विद्यार्थिनीमागे ३ रुग्ण असावेत आणि रुग्णालयाच्या खाटा ७५ टक्के भरलेल्या असाव्यात. ग्रामीण रुग्णालय म्हणजे ३० खाटा. त्या पाऊणपट भरल्या तरी रुग्ण होतात २२, आणि निकषात बसतात फक्त ७ विद्यार्थिनी. प्राथमिक आरोग्य केंद्रात तर खाटाच ६. तेथे ४० मुलींची तुकडी एका वेळी उतरली, तर दोघी-तिघी काम करतात आणि उरलेल्या भिंतीला टेकून वह्या भरतात. हजेरीपटावर मात्र साऱ्यांचे तास सारखेच लागतात.

यावर कोणी म्हणेल, मग साऱ्यांना ससूनलाच पाठवा. तेथे रुग्ण भरपूर. पण डॉक्टरकीचे विद्यार्थीही भरपूर, आणि परिचर्येची विद्यार्थिनी खाटेपासून तिसऱ्या रांगेत. शिवाय डोंगरातील कामाची सवय शहरात लागत नाही. ती लागायची तर लहान तुकड्या येथेच महिना-दीड महिना राहिल्या पाहिजेत. 'राहिल्या' हा शब्द महत्त्वाचा आहे. प्रसूतीला दिवसपाळी ठाऊक नसते. सकाळच्या गाडीने येऊन संध्याकाळच्या गाडीने परतणाऱ्या मुलीला रात्रीचे बाळंतपण दिसणार कसे? रुग्णालयाच्या आवारात सुरक्षित निवास नसेल, तर अभ्यासक्रमातील ग्रामीण अनुभव ही सहल ठरते.

आणि शिकवणार कोण? लसीकरण, नोंदवह्या, ऑनलाइन माहिती, पाळीवरचे रुग्ण एवढे ज्या सिस्टरच्या माथी आहे, तिच्याच गळ्यात ही तुकडी पडते. शिकवण्याचा तास तिच्या कामात धरला जात नाही, त्याचे वेतन नाही. मे २०२२ मध्ये राज्यातील परिचारिकांनी कंत्राटी भरतीविरुद्ध संप केला. तो प्रश्न त्यांच्या पगारापुरता समजणे ही मोठी चूक आहे. अकरा महिन्यांच्या करारावरची परिचारिका पुढच्या पिढीला काय घडवणार? मग उलटेच घडते: मनुष्यबळ अपुरे म्हणून विद्यार्थिनीच फुकटचे हात ठरतात. देखरेखीविना राबवून घेणे याला शिक्षण म्हणत नाहीत.

देखरेखीने काय साधते याचा पुरावा याच राज्यात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातील अल्पशिक्षित स्त्रियांना नवजात बालकांची काळजी शिकवली, आणि शिकवून सोडून न देता त्यांच्या कामावर सतत लक्ष ठेवले. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटले.

भोर आणि वेल्हे येथील सरकारी रुग्णालयांच्या रुग्ण कल्याण समित्यांत लोकप्रतिनिधी बसतात. पुढील बैठकीआधी कार्यकर्त्यांनी त्यांना गाठावे. या वर्षी किती विद्यार्थिनी आल्या, एका वेळी किती, त्यांच्यासोबत शिक्षिका किती दिवस थांबली, रात्री त्या कोठे राहिल्या, हे विचारावे. शिक्षणासाठी स्वतंत्र, कायम सिस्टरचे पद मागणारा ठराव त्याच बैठकीत मांडून घ्यावा, आणि त्याची प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांकडे स्वतः नेऊन पोच घ्यावी.