पश्चिमेच्या भिंतीला वेलीची सावली



सौंसर व पांढुर्णा हे तालुके २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळे होऊन नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आले. जिल्हा नवा झाला, ऊन मात्र जुनेच आहे. वैशाखात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. २०१६ पासून प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेतून अनेक मातीच्या घरांच्या जागी पक्की घरे उभी राहिली. पावसाची धास्ती सरली, ही मोठीच सोय झाली. परंतु जाड मातीच्या भिंतीचा गारवा विटा-सिमेंटच्या पातळ भिंतीत राहत नाही. पश्चिमेच्या उन्हात तापलेली भिंत रात्री ती उष्णता घरात सोडते. त्याचा त्रास तान्ह्या मुलांना व वृद्धांना अधिक होतो.

पॅरिस येथे २००६ साली उघडलेल्या के ब्रान्ली संग्रहालयाची एक भिंत पात्रिक ब्लां या वनस्पतिशास्त्रज्ञाने झाडांनी मढविली आहे. मात्र तशा भिंतीला नळ्यांतून सतत पाणी पुरवावे लागते. आपणांस बांबूची ताटी व एक वेल पुरेशी आहे.

ताटी भिंतीपासून हातभर दूर उभारावी. मधून हवा खेळते व भिंतीला ओल धरत नाही. पाने ऊन अडवितात आणि वाफेच्या रूपाने पाणी सोडून भोवतीची हवा थंड करतात. वेलीची निवड मात्र विचारपूर्वक व्हावी. गुळवेल औषधी खरी, पण ऐन उन्हाळ्यात तिची पाने झडतात. तोंडलीचा वेल अनेक वर्षे टिकतो. थंडीत छाटून फाल्गुनात पाणी दिले की पुन्हा फुटतो. दोडका, कारली माघात लावल्यास चैत्र-वैशाखात सावली व भाजी दोन्ही लाभतात. फुलांची हौस असल्यास मधुमालती लावावी. भिंतीच्या फटीत उगवलेला पिंपळ मात्र तत्काळ उपटावा. त्याची मुळे भिंत फोडतात.

वेलीला भांडी विसळलेले पाणी चालते. ते साचू देऊ नये, डास होतात.

शिक्षकांनी दुपारी तीन वाजता वेलीआडच्या व उघड्या भिंतीशी तापमापक धरून मुलांकडून नोंदी करवाव्यात. अधिकाऱ्यांनी घराची आखणी दाखविताना पश्चिमेस ताटीपुरती जागा राखावयास सांगावे. बहुवर्षायू वेलीची फांदी येत्या पावसाळ्यातच रोवावी. ऊन डोक्यावर आल्यावर सावली मागून ती मिळत नाही.