बाया आल्यात, पण दवाखानाही आहे



शिमग्याच्या सुमारास आमच्या गटातल्या एकीच्या दीड वर्षाच्या लेकराला ताप आला, अंगावर लाल पुरळ उठला. सासूबाई म्हणाल्या, "बाया आल्यात. औषध द्याल तर कोपतील." दाराला लिंबाचा डहाळा लागला, घरात फोडणी बंद झाली. आम्हीही दारातूनच हात जोडून माघारी आलो. तिसऱ्या दिवशी लेकरू दूध ओढेना, धाप लागली. आशाताईंनी त्याला दवाखान्यात नेलं. गोवर होता. लेकरू वाचलं, पण ते तीन दिवस आमच्या मनातून जात नाहीत.

न दिसणाऱ्या संकटाला माणसानं सगळीकडेच तोंड-नाव दिलं. आपल्याकडे पटकी आली की मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेत. बंगालची शीतला गाढवावर बसते, तिच्या हातात झाडू असतो. जपानात या रोगाच्या देवाला शांत करायला लाल कापड, लाल खेळणी ठेवत. आफ्रिकेतले योरुबा लोक त्यांच्या शोपोना देवाचं नावसुद्धा उघड घेत नसत. नाव दिलं की विनवणी करता येते, भीती थोडी हलकी होते. आपल्या आज्यांजवळ तेव्हा दुसरं होतं तरी काय?

आपण तर रोगालाच 'देवी' म्हणालो आणि लस टोचण्याला 'देवी काढणं'. १८०२ साली मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देशातली पहिली देवीची लस टोचली. १९७५ नंतर भारतात देवीचा रोगी सापडला नाही. १९८० साली जगातूनच तो रोग गेल्याचं जाहीर झालं. रोग गेला, म्हणून कुठली देवी रागावली नाही.

गोवर मात्र अजून आहे. त्यानं न्यूमोनिया होतो, डोळेही जाऊ शकतात. बाळाला नऊ महिने पूर्ण झाले की पहिला डोस, सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरा. अंगणवाडीत नाहीतर उपकेंद्रात ही लस फुकट मिळते. गोवर झालाच, तर 'अ' जीवनसत्त्वाचा डोस द्यायचा असतो, तो दवाखान्यातच विचारा.

डहाळा बांधायचा तर बांधा. पाहुण्यांना दारातच थांबवायची जुनी रीतही चांगलीच आहे. हात जोडा, पण हातावर हात ठेवून बसू नका. आम्ही बसलो होतो, म्हणून सांगतो.