मदत कोणाच्या हातीं पडावी?



३ जून २०२० रोजीं निसर्ग वादळानें श्रीवर्धन-दिवेआगराकडील नारळी-पोफळीच्या बागा एका दिवसांत आडव्या केल्या. बागेची भरपाई सात-बाऱ्यावरील नांवास मिळते, आणि तें नांव बहुधा पुरुषाचें. टंचाईची पहिली झळ चुलीला व दुसरी बायकोच्या पाठीला बसते, हें आम्हां वकिलांस पोटगीच्या अर्जांवरून ठाऊक आहे.

कायदा अगदींच आंधळा नाहीं. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविषयींचा कायदा पैसा अडवून धरण्यालाही छळच मानतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें शिधापत्रिकेवर घरांतील वडील स्त्रीस कुटुंबप्रमुख केलें. २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे दरमहा १५०० रुपये स्त्रीच्याच खात्यांत जमा होऊं लागले.

तथापि नुसती रोकड वा धान्य पुरत नाहीं. बांगलादेशच्या खेड्यांत असा प्रयोग झाला. मदत थांबून सहा ते दहा महिने लोटल्यावर पाहिलें, तों जिथें मदतीबरोबर बालपोषणाच्या शिकवणीसाठीं बायका नियमित जमत होत्या, तिथें मारहाण २६ टक्क्यांनीं कमी आढळली. केवळ मदत मिळालेल्या घरांत कांहींच फरक उरला नव्हता. बायका एकत्र बसूं लागल्या, म्हणजे अंगावरचा वळ चारचौघींपासून लपत नाहीं, व नवऱ्यासही तें कळतें.

आपणांपैकीं कांहीं व्यापारी बंधूंनीं बैठकींचा खर्च फाजील म्हणून कापावा असें सुचविलें आहे. हिशेबाची काटकसर आम्हांसही प्रिय आहे. पण ही कपात आम्हांस मान्य नाहीं. धान्याची पावती स्त्रीच्या नांवें फाडावी, आणि गांवोगांवच्या बैठकींसाठीं वर्गणींत निराळी रक्कम घालावी, ही आमची विनंती आहे.