मेजावरची आगगाडी

(खंडाळा येथील वाचनवर्गापुढे केलेले भाषण)



खंडाळा म्हटले की बाहेरच्या माणसाला बोरघाटातले खंडाळे आठवते. तिथे बोगदे आहेत, आगगाडी आहे. आपले खंडाळा निराळे. आपल्याकडे खंबाटकीचा घाट आहे, मोठी सडक आहे, पण गावात रेल्वे नाही. आपल्या तालुक्याचे स्टेशन म्हणजे लोणंद. तेव्हा तुम्ही म्हणाल, या दोघांनी रेल्वेचे वेड कुठून घेतले?

खरे सांगायचे तर ते वेड दिवाळीच्या किल्ल्यातून आले. आपली पोरे अंगणात माती कालवून किल्ला करतात. गोणपाट अंथरतात, हळीव पेरतात, वर मातीचे मावळे उभे करतात. आम्हीही केले. पुढे मोठे झालो, पण हाताची ती सवय काही गेली नाही. किल्ल्याच्या पायथ्याला एकदा आम्ही आगपेट्यांची गाडी उभी केली. तेव्हापासून गाडी राहिली आणि किल्ला मागे पडला.

आज आमच्या मेजावर काय चालले आहे ते तुम्हांला सांगतो. आमची एक चूक झाली, तीही सांगतो. ती एका आजींनी पकडली.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. ती म्हणजे माप.

दिवाळीच्या किल्ल्यात मावळा दरवाज्यापेक्षा उंच असतो. तो आत शिरणार कसा? पण पोरांना त्याचे काही वाटत नाही, आणि वाटूही नये. लहान रेल्वे करणाऱ्याला मात्र असे चालत नाही. इंजिन, डबा, माणूस, झाड, घर, सगळे एकाच हिशेबाने लहान करावे लागते. जगात सगळ्यांत जास्त चालणारा हिशेब असा आहे: खरी वस्तू ८७ पट लहान करायची. त्याला एच-ओ माप म्हणतात. लक्षात ठेवायला सोपे आहे. एका फुटाला साडेतीन मिलिमीटर धरायचे.

आता करून पाहू. दरवाजा ७ फूट उंच. सात गुणिले साडेतीन, झाले साडेचोवीस मिलिमीटर. साडेपाच फुटी माणूस सव्वाएकोणीस मिलिमीटर. डबा ६० फूट लांब धरला तर २१० मिलिमीटर, म्हणजे एक वीत, फार तर थोडा जास्त. मिस्त्रीला इंच येतात, शिंप्याला टेप येते, शेतकऱ्याला गुंठे येतात. हा हिशेब त्याहून अवघड नाही. फक्त वहीत लिहून ठेवावा लागतो. तोंडी ठेवला की चुकतो.

आता रुळांचे बघा. आपल्या देशात रूळ एकाच रुंदीचे नव्हते. मोठी लाईन साडेपाच फुटांची. मीटर लाईन नावाप्रमाणे एक मीटरची, म्हणजे तीन फूट सव्वातीन इंचांच्या थोडी वर. त्याहून लहान अडीच फुटांची. बार्शी लाईटची गाडी तशा रुळांवर चालत असे. माथेरानची गाडी तर १९०७ पासून दोन फुटांच्या रुळांवर चालते. मिरजेला एकेकाळी मोठी, मीटर आणि लहान अशा तिन्ही मापांचे रूळ होते. तिथे माल एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावा लागे. हमालांच्या पाठी त्यात वाकल्या.

पुणे-मिरज ही आपल्या लोणंदवरून जाणारी लाईन इंग्रजांच्या काळात मीटर मापाची घातली होती. १९७० च्या सुमारास ती मोठी झाली. आमच्या मेजावर आम्ही जुने लोणंद करायला घेतले होते, मीटर लाईनचे, वाफेच्या इंजिनाचे. फळी ८ फूट लांब आणि २ फूट रुंद. तेवढ्या फळीत खरी जागा किती मावते? आठ गुणिले सत्त्याऐंशी, म्हणजे ६९६ फूट. सगळे स्टेशन काही मावत नाही. म्हणून फलाटाचा एक तुकडा, एक घर, एक झाड आणि एक वळण, एवढेच घ्यायचे ठरवले.

आणि इथेच चूक झाली.

बाजारात तयार रूळ मिळतो तो साडेसोळा मिलिमीटरचा. परदेशातल्या नेहमीच्या रेल्वेचे ते माप. आम्ही विचार केला, लहान वस्तू आहे, कोण मोजायला बसणार? आठ फूट रूळ अंथरला. खाली चाळलेली बारीक खडी घातली, डिंकाच्या पाण्याने बसवली. लाकडाचा भुसा हिरवा रंगवून गवत केले. दोन महिने गेले. काम छान दिसू लागले.

एके दिवशी शेजारच्या आजी आल्या. वय ऐंशीच्या घरातले. याच वाचनवर्गात त्या गेल्या वर्षी अक्षरे शिकल्या. लहानपणी त्या लोणंद स्टेशनावर भाजलेल्या शेंगा विकत. त्या मेजाजवळ उभ्या राहिल्या, डोळ्यांजवळ हात धरून पाहिले आणि म्हणाल्या,

“आरं पोरांनो, ह्ये रूळ लई रुंद झालंत. तवाची गाडी अशी नव्हती. म्या टोपली डोक्यावर घिऊन एका ढांगंत वलांडायची.”

आमच्यातला एक म्हणाला, “आजी, तुम्ही तेव्हा लहान होता. आठवण चुकत असेल.”

आजी रागावल्या नाहीत. त्यांनी आपली काठी आडवी धरली आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवून अंतर दाखवले. “एवढं,” म्हणाल्या. आम्ही टेप लावली. तीन फूट आणि वर चार-पाच इंच भरले. मग वहीत हिशेब केला. आमचा साडेसोळा मिलिमीटरचा रूळ म्हणजे खरा किती? साडेसोळाला साडेतीनने भागा. जवळजवळ पावणेपाच फूट! मीटरच्या जवळपास दीडपट. पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीचे माप आजींच्या डोळ्यांत बरोबर होते. आमचे पट्टी हातात असून चुकले होते.

त्या रात्री आम्हां दोघांत वाद झाला. एक म्हणाला, “राहू दे. पाहायला येणाऱ्या शंभरांत एकालाही कळणार नाही.” दुसरा म्हणाला, “ज्याला कळते तो माणूस कालच येऊन गेला. आजींनाच जर हे लोणंद वाटले नाही, तर आपण केले कोणासाठी?” यावर उत्तर सुचले नाही. सकाळी उठून आम्ही आठही फूट रूळ उपटला. वाईट वाटले. खडी खरवडताना भुश्याचे गवतही निघाले.

मग नवा रूळ हाताने केला. मीटर लाईनला आमच्या हिशेबाने साडेअकरा मिलिमीटर हवेत. त्या कामाची तयार चाके मिळतात ती बारा मिलिमीटरची. अर्ध्या मिलिमीटरची चूक आम्ही ठेवली. ती चाकांसाठी ठेवावी लागते. पण कुठे आणि किती ठेवली ते वहीत लिहिले आहे. रुळाखालची आडवी लाकडे म्हणजे आगपेटीच्या काड्या, गूल काढून टाकलेल्या. मधूनमधून तांब्याचा पातळ थर असलेल्या पट्ट्या घातल्या आणि त्यांवर रूळ डाख देऊन पक्का केला.

इथे विजेचे थोडे समजून घ्या. या गाडीला कोळसा नाही की डिझेल नाही. ती बारा व्होल्टच्या विजेवर चालते. एका रुळातून वीज इंजिनाच्या मोटरीत येते आणि दुसऱ्या रुळातून परत जाते. तारा उलट लावल्या की गाडी उलटी चालते. म्हणून दोन रुळांची विजेने गाठ पडता कामा नये. तांब्याच्या प्रत्येक पट्टीला मधोमध कानशीने खाच पाडावी लागते. एक जरी खाच राहिली, तरी वीज इंजिनाकडे न जाता तिथूनच परत फिरते. घरातली वीज मात्र २३० व्होल्टची असते. तिच्याशी खेळ नको. ती उतरवून देणारे तयार यंत्रच वापरावे.

आमच्या चाळीस पट्ट्यांत एक खाच राहिली. गाडी जागची हलेना. ती शोधायची कशी? एकेक करून दिवस गेला असता. आम्ही असे केले. रूळ एकेक फुटाच्या आठ तुकड्यांचा आहे. मधोमध सोडवून चार-चार तुकडे वेगळे केले. बॅटरी आणि लहान दिवा घेऊन दोन्ही रुळांना तारा लावल्या. ज्या बाजूला दिवा लागला, त्या बाजूला चूक. मग त्या चारांचे दोन-दोन केले, त्या दोनांचा एक-एक. तीन वेळांत तुकडा सापडला आणि भिंगाने पट्टीही दिसली. मोटारपंपाची तार कुठे तुटली, पाण्याचा पाईप कुठे चोंदला, हे शोधतानाही निम्मे-निम्मे करून पाहा. वेळ वाचतो.

आता स्टेशनचे घर पुठ्ठ्याचे चालले आहे. कौले म्हणून खोक्याचा पन्हाळीदार कागद लावला आहे. इंजिनाचा आतला भाग विकतचा आणि वरचा सांगाडा आमचा. तो अर्धा झाला आहे. झाडासाठी वाळलेल्या काटक्या आहेत.

असे वेडे आम्ही एकटेच नाही बरे का! पुण्यात कर्वे रस्त्यावर भाऊ जोशी यांनी उभे केलेले लहान रेल्वेचे संग्रहालय आहे. १९९८ साली ते लोकांसाठी उघडले. तिथे गाड्या धावतात, सिग्नल पडतात, सर्कस आहे, आणि दिवे मंद होऊन रात्र पडते. जर्मनीत हँबुर्ग शहरी दोन जुळ्या भावांनी २००१ साली असेच काम उघडले. त्यात पंधरा किलोमीटरहून अधिक लांबीचे लहान रूळ आहेत. पुण्याला गेलात तर पोराबाळांना घेऊन जोशींचे संग्रहालय जरूर पाहा.

कोणी विचारतात, याचा उपयोग काय? यातून पोट भरत नाही, हे खरे. पण भजन म्हणताना आपण उपयोग विचारत नाही, आणि बेंदराला मातीचे बैल करतानाही विचारत नाही. आमचा एवढाच अनुभव आहे की या कामाने डोळा तयार होतो. ज्या स्टेशनावरून आपण शंभरदा गेलो, तिथे खिडक्या किती आहेत हे आम्हांला सांगता आले नव्हते. आणि दुसरे असे की मीटर लाईन पाहिलेली माणसे आता थोडी उरली आहेत. तो रूळ उचलला गेला, पण आजींच्या दोन हातांमधले अंतर शिल्लक होते. आम्ही विचारले नसते, तर तेही गेले असते.

शेवटची गोष्ट पाटीची. स्टेशनला नावाची पाटी हवी. आमच्या मापाने तिच्यावरचे फूटभर उंचीचे अक्षर साडेतीन मिलिमीटरचे होते. आम्ही आजींना म्हटले, पाटी तुम्ही लिहा. त्या म्हणाल्या, “माझा हात थरथरतोय. एवढं बारीक कसं जमंल?” मग आम्ही जमिनीवर मोठा कागद पसरला, खऱ्या पाटीएवढा. आजींनी खाली बसून रंगाच्या कुंचल्याने एकेक अक्षर फूटभर उंचीचे काढले. लो, णं, द. अनुस्वार विसरला होता, तो मागाहून दिला. आम्ही त्याचा फोटो काढून ८७ पट लहान छापला. ती पाटी आता फलाटावर उभी आहे.

आजी म्हणाल्या, “इतकी वर्सं त्या पाटीखाली बसून शेंगा विकल्या. काय लिवलंय ते ठावं नव्हतं.”

मंडळी, तुमच्यापैकी कोणाकडे जुन्या लोणंद स्टेशनचा फोटो असेल, किंवा नुसती आठवण असेल, तर सांगायला या. पाण्याची टाकी कोणत्या बाजूला होती, यावर आमचा अजून वाद चालू आहे. आणि घरी गेल्यावर एक करा. टेप घ्या, आपल्या घराचा दरवाजा मोजा, वहीत फूट लिहा, पुढे साडेतीनने गुणा. उत्तर घेऊन पुढच्या आठवड्यात या. इथे बसून पुठ्ठ्यातून दरवाजा कापू.

रामराम.