शोध कुणाचा आणि मालकी कुणाची?



पेटंटचे भांडण म्हटले की दोन बड्या कंपन्या कोर्टात एकमेकींच्या झिंज्या उपटीत आहेत, असेच चित्र डोळ्यांपुढे येते. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आम्हाला निराळा प्रश्न पडतो. ज्या शोधावरून हे भांडण, तो ज्याने लावला त्या नोकराच्या पदरात काय पडले?

जपानातील एक खटला पाहू. शिकोकू बेटावरील आनान येथे निचिया ही रसायने बनविणारी कंपनी आहे. १९७९ साली शुजी नाकामुरा हे इंजिनियर तेथे नोकरीस लागले. तांबडे एलईडी दिवे तेव्हा होते. प्रखर निळा मात्र कुणास साधत नव्हता, आणि निळ्यावाचून पांढरा उजेड मिळत नव्हता. १९९० साली नाकामुरांनी गॅलियम नायट्राइडचा थर चढविण्याची युक्ती काढली. वायूचा एक झोत आडवा सोडावयाचा आणि दुसऱ्याने वरून तो दाबून धरावयाचा. १९९३ साली कंपनीने निळा दिवा जाहीर केला. पेटंट कंपनीच्या नावे झाले. नाकामुरांना त्याबद्दल मिळाले वीस हजार येन!

कंपनीची बाजूही सांगितली पाहिजे. संस्थापक नोबुओ ओगावा यांनी पैसा पुरविला, जोखीम पत्करली. नागोया येथे आकासाकी आणि आमानो हे शास्त्रज्ञ याच द्रव्यावर आधीपासून झटत होते. प्रयोगशाळेत सहकारी होते. गोवर्धन उचलताना काठ्या लावणारे गोपही होतेच. आमचे म्हणणे एवढेच, की वाटणी करताना या सर्वांची आठवण राहावी.

२००१ साली नाकामुरांनी दावा लावला. जानेवारी २००४ मध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने हिशेब मांडला. पेटंटपासून कंपनीचा लाभ सुमारे १२,०८० कोटी येन, आणि त्यात नाकामुरांचा वाटा निम्मा. त्यांची मागणी २,००० कोटींची होती, म्हणून तेवढे द्यावेत असा निकाल झाला. कंपनी अपिलात गेली. २००५ साली तडजोड झाली ती सुमारे ८४ कोटींवर, तीही त्यांच्या कंपनीतील सगळ्या शोधांबद्दल मिळून! २०१४ साली या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. आणि २०१५ साली जपानने कायदा बदलला: कंपनीने आधी तसा नियम केला असेल तर शोधाचा हक्क पहिल्यापासूनच कंपनीचा, नोकरास वाजवी मोबदला.

इंग्लंडात इयान शँक्स यांनी १९८२ साली युनिलिव्हरच्या नोकरीत असताना रक्तातील साखर मोजण्याच्या साधनाचा शोध लावला. २००६ साली त्यांनी मोबदला मागितला. सर्वोच्च न्यायालयाने वीस लाख पौंड मंजूर केले ते २०१९ साली. तेरा वर्षे गेली!

एक गोष्ट ध्यानात घ्या. दोघांनीही मागणी केली ती नोकरी सोडल्यावर. ज्याच्या हाती आपली भाकरी, त्याच्यावर दावा लावण्याची छाती कुणाची होते? एकट्या नोकराने मागायचे आणि कंपनीने वकिलांची फौज उभी करायची, याला आम्ही न्याय म्हणत नाही. जर्मनीत १९५७ च्या कायद्याने शोध लावणाऱ्या नोकराचा मोबदला कसा मोजावा याची रीत घातली. वाद झाला तर पेटंट कार्यालयातच लवाद मंडळ आहे. तो हक्क आगाऊ करार करून काढून घेता येत नाही.

आपल्याकडे? १९७० च्या पेटंट कायद्याच्या २८ व्या कलमाने संशोधकाचे नाव पेटंटात घालता येते. त्याच्या वाट्याबद्दल कायदा गप्प आहे. जे काय असेल ते नेमणूकपत्रात, आणि ते पत्र बहुधा न वाचताच सही होते. पुण्या-बंगळुरातील आमच्या शिकलेल्या मुलांनी तेवढे कलम तरी वाचावे. संघटना बांधावी, आणि पगार-बोनसच्या शेजारी शोधाचा वाटा मागणीपत्रात लिहावा.

सचोटीची पाटी दारावर टांगणाऱ्या कंपन्या पुष्कळ आहेत. आम्ही त्यांची सचोटी करारातल्या या एका कलमावरून जोखू. डोक्याने केलेले काम हेही कामच आहे, भगिनींनो आणि बंधूंनो. त्याची मजुरी शोध लागण्यापूर्वीच ठरली पाहिजे.